जुन्या वेळेवरचा कॅमेरा

तेकेलीत दामेलीच्या मनगटावरचं घड्याळ बाकीच्या गावापेक्षा एक तास पुढे चालतं. का चालतं, हे तिला विचारण्याची चूक आता कोणी करत नाही. ज्या मार्चमध्ये सरकारने सगळ्या देशाची वेळ एक केली आणि आम्हा पूर्वेकडच्यांना घड्याळं तासभर मागे घ्यायला लावली, तेव्हा गाव चार दिवस कुरकुरलं आणि मग निमूटपणे काटे फिरवून मोकळं झालं. दामेली नाही झाली. ती फोटो काढणारी बाई. समारंभाला लोक जमणार घड्याळाने आणि ऊन उतरणार डोंगराने. नव्या वेळेने पाहुणे येऊन स्थिरस्थावर होईपर्यंत ऊन डोंगरामागे गेलेलं असायचं. "माझी संध्याकाळ चोरली मेल्यांनी," हे ती बाजारात कांदे निवडताना म्हणाली, बँकेच्या रांगेत म्हणाली, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत आ वासलेला असतानाही म्हणाली. तिचं मनगटी घड्याळ, स्वयंपाकघरातलं घड्याळ आणि कॅमेरा, तिन्ही जुन्या वेळेवरच राहिले.

अशा बाईबद्दल लोक म्हणतात, तोंडाने फटकळ असली तरी मनाने चांगली आहे. दामेलीच्या बाबतीत तसं म्हणायला कोणी धजावत नसे. साठीला टेकलेली, हाडापेराने रुंद, खांद्यावर काळी जाडजूड कॅमेऱ्याची बॅग. ती बॅग ती कुणाच्या हातात देत नसे, नि जमिनीवर ठेवत नसे. नवरा खाणीत कामाला होता, फोटोचा नाद त्याचा. खाण बंद पडली, मग नवरा गेला, आणि नाद तेवढा हिच्या पोटापाण्याला उरला.

स्टुडिओ सासरच्या घरात, रस्त्याकडच्या खोलीत. आमच्यात वडिलांचं घर धाकट्या मुलाकडे जातं, चूल त्याची, छप्पर त्याचं. थोरल्याची विधवा म्हणून दामेली नदीपलीकडच्या इमारतीत दोन खोल्यांत राहायची आणि रोज सकाळी पूल ओलांडून त्या घरात यायची, जे तिचं नव्हतं. घर होतं धाकटी जाऊ कलाम्पिरचं. कलाम्पिरचा नवरा एर्बोलात ट्रक घेऊन चीनच्या सीमेवर जायचा आणि घरी आला की झोपायचा. कलाम्पिरही फोटो काढायची. थोरल्या दिरानेच तिला शिकवलं होतं, हे दामेलीला त्या काळीही रुचलं नव्हतं.

जावाजावा उभा दावा म्हणतात, पण या दोघी निदान भांडायच्या तरी. मग एक दिवस त्यांनी बोलणंच टाकलं. दोघी एकाच खोलीत, दोन टेबलांवर, एकमेकींकडे पाठ करून बसायच्या. काही सांगायचं झालं की गिऱ्हाइकाच्या तोंडून.

"तिला सांगा, फ्लॅशचे सेल संपलेत," दामेली पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या म्हाताऱ्याला म्हणायची.

"त्यांना सांगा, सेल त्यांच्याच खणात आहेत, डोळ्यांसमोर," कलाम्पिर दुसऱ्या बाजूने.

"तिला सांगा, ज्याची सवय चोरायची, त्याला दुसऱ्याच्या खणातलं बरोबर माहीत असतं."

म्हातारा बिचारा हनुवटी वर करून बसलेला असायचा. तेकेलीतल्या निम्म्या पासपोर्टांवर लोक भेदरलेले दिसतात ते त्यामुळेच.

चोर हा शब्द उगाच आला नव्हता. त्यामागे एक कडं होतं.

सासू झिलिखा आपा. हिच्याकडे तिच्या आईचं चांदीचं कडं होतं, मध्ये अंगठ्याएवढा लाल दगड. मुळात जोडी होती, पण त्यातलं एक युद्धाच्या वर्षांत पिठाच्या बदल्यात गेलं. उरलेलं आपाने मनगटावरून कधी उतरवलं नाही. आपाला ऐंशी पूर्ण झाली तेव्हा मोठी मेजवानी झाली, त्याच वसंतात, वेळ बदलल्यानंतर दोनेक महिन्यांनी. त्या सकाळी आपाने दोघी सुनांना समोर बसवलं.

"आज माझा दिवस आहे," ती म्हणाली. "आज दोघींनी एका वेळेने चालायचं. थोरले, ते तुझं घड्याळ मागे कर. माझ्यासमोर कर."

दामेलीने ओठ आवळले आणि आपाच्या डोळ्यांदेखत काटे फिरवले. म्हातारीसाठी ती तेवढं करायची. खरं तर जगात तेवढ्या एकाच माणसासाठी करायची. मग कॅमेऱ्याची वेळही बदलायची म्हणून तिने कॅमेरा हातात घेतला, बटणं दाबत वेळेच्या पानापर्यंत गेली, आणि तेवढ्यात अंगणात पहिली गाडी आली.

मेजवानी दणदणीत झाली. दोघी जावा दोन बाजूंनी फोटो काढत होत्या आणि तिसरी, चुलत नणंद झानिल, फोनवर. संध्याकाळी पाहुणे गेले, आपाला झोपवलं, आणि दुसऱ्या दिवशी आपाच्या मनगटावर कडं नव्हतं. विचारणार कुणाला? त्याच पहाटे आपाला झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.

दामेलीने आपले फोटो उघडले आणि त्यात तिला कलाम्पिर दिसली, सामोवारजवळ, चहा ओतताना. मनगटावर कडं. फोटोची वेळ संध्याकाळचे पाच. आता आपाने तळवे वर करून सगळ्या कुळाला आशीर्वाद दिला तो साडेचारला. तो फोटो कलाम्पिरच्या कॅमेऱ्यातला होता, मोठा करून भिंतीवर लावला होता आणि त्याच्या कोपऱ्यात वेळ छापलेली होती. त्यात कडं आपाच्या हातावर. साडेचारला म्हातारीच्या हातावर, पाचला सुनेच्या हातावर, आणि सकाळी कुठेच नाही. दामेलीला याहून जास्त काही नको होतं.

"आपाने मला धरायला दिलं होतं," कलाम्पिर म्हणाली. "हात धुवायचे होते तिला. माझे हात चहात अडकलेले, म्हणून मनगटात घातलं. लगेच परत दिलं."

"कधी परत दिलंस?"

"आशीर्वादाच्या आधी."

"आशीर्वाद साडेचारला. तू पाचला घालून मिरवतेयस. आणि त्या दिवशी माझंही सगळं नव्या वेळेवर होतं. कॅमेरा खोटं बोलतो का गं?"

दिवसभरात चहाची पाळी दहादा फिरली होती. कोणता चहा आधी आणि कोणता नंतर, हे कुणाला आठवेना. आणि मग दामेलीने जे केलं, ते आमच्याकडे शत्रूच्या घरीही कोणी करत नाही. आपाला बघायला आलेल्या शेजारणी बसलेल्या असताना तिने कलाम्पिरची माहेरची पेटी ओढून मध्यावर आणली आणि उघडली. एकेक वस्तू बाहेर काढली, झटकली, बाजूला टाकली. लग्नातली ओढणी. मेलेल्या तान्ह्या मुलाची टोपी. ती टोपीही तिने उलटी करून पाहिली. कडं नव्हतं. कलाम्पिर भिंतीला टेकून उभी होती, रडली नाही. शेजारणी माना खाली घालून चहा पीत राहिल्या.

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. सरत्या उन्हाळ्यात आपा गेली. त्या सगळ्या महिन्यांत दामेली रोज तिच्या पलंगाशी बसायची, तिला भरवायची. आपा डाव्या हाताने लुळं उजवं मनगट थोपटायची आणि मग दाराकडे बोट दाखवायची. पुन्हा मनगट, पुन्हा दार. दाराबाहेर स्वयंपाकघर होतं आणि स्वयंपाकघरात कलाम्पिर.

"कळलं मला, आपा," दामेली म्हणायची. "तिच्याकडूनच काढून घेईन. तुम्ही शांत पडा."

आपा डोळे मिटून घ्यायची आणि त्यातून पाणी गळायचं.

पुढच्या वर्षी आपाला जाऊन वर्ष झाल्याच्या जेवणाची वेळ आली. कुळातले थोर म्हणजे तोक्तासिन, पण सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनांनी घ्यायचं नसतं, म्हणून दोघी त्यांना उंचटोपी म्हणायच्या आणि तोंडावर काका. उंचटोपी काका स्टुडिओत आले, टोपी न काढता बसले आणि दोन पाठींकडे आळीपाळीने बघून म्हणाले, "हॉलमध्ये मोठा पडदा लागणार आहे. आपाच्या ऐंशीचे फोटो लावायचे. तिन्ही कॅमेऱ्यांतले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, जसा दिवस घडला तसा. लोकांनी तो दिवस पुन्हा बघावा. थोरल्या सुनेने लावायचे."

"मी लावते," दामेली म्हणाली. "पण तिला सांगा, तिचे सगळे फोटो हवेत. निवडून दिलेले नकोत. त्या चहानंतरचा एकही गाळायचा नाही."

"तुम्ही दोघी माझ्या मढ्याशीसुद्धा अशाच बसणार आहात का?" काकांनी विचारलं.

कलाम्पिर उठली. सव्वा वर्षात पहिल्यांदा ती वळून दामेलीच्या टेबलापर्यंत चालत आली आणि एक पेन ड्राइव्ह तिच्यासमोर टाकला. "सगळे आहेत," ती काकांना म्हणाली. "एकही गाळलेला नाही. त्यांना सांगा, नीट ओळीने लावा. चोर कोण ते एकदा सगळ्या कुळाला पडद्यावर दिसू दे."

दामेलीला हे ऐकून आनंद झाला. एवढा निर्मळ आनंद तिला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. बाई आपल्या पायाने जाळ्यात चालत आली, असंच तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला बसली. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना ते सोपं वाटतं. सगळे फोटो एका ठिकाणी ओता, वेळेप्रमाणे लावा, झालं. पण दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे, दोघांच्या फोटोंची नावं एकसारखी, एकाचा चारशेवा दुसऱ्याच्या चारशेव्यावर जाऊन बसायला बघतो. म्हणून आधी दामेलीने आपल्या फोटोंना एक खूण लावली, कलाम्पिरच्या फोटोंना दुसरी, झानिलच्या फोनला तिसरी. मग सगळे एकत्र केले, नावावरून नाही तर काढल्याच्या वेळेवरून रांग लावायला सांगितली, आणि चहाचा कप घेऊन पडद्यासमोर बसली.

रांग बघून तिच्या कपाळावर आठी पडली. पाहुणे जेवताना दिसत होते, त्यानंतर तेच पाहुणे गाडीतून उतरत होते. आपा गादीवर बसलेली, मग आपाला हात धरून गादीकडे नेताहेत. मिठाई वाटून झालेली आणि मग मिठाईची थाळी भरलेली. दिवस दोनदा उगवल्यासारखा दिसत होता.

"हिचं घड्याळ बिघडलेलं," दामेली स्वतःशी पुटपुटली. "कामाची शिस्त म्हणून नाही."

असं झालं की एक प्रसंग शोधायचा, जो दोन्ही कॅमेऱ्यांत आहे. तो सापडला की दोन घड्याळांतला फरक कळतो. तिला फार शोधावं लागलं नाही. बकऱ्याचं डोकं उंचटोपी काकांपुढे ठेवलं होतं आणि त्यांनी रीतीप्रमाणे त्याचा कान कापून सगळ्यात लहान नातवाच्या तोंडात दिला होता. मुलाचं तोंड उघडं, काकांचे डोळे मिचकावलेले, सुरी हवेत. तिच्या स्वतःच्या फोटोत तोच क्षण डाव्या बाजूने. कलाम्पिरच्या फोटोत उजव्या बाजूने. झानिलच्या फोनमध्ये समोरून, अर्धवट बोट मध्ये आलेलं.

कलाम्पिरचा फोटो दोन वाजताचा. झानिलचा दोनचा. आणि दामेलीचा तीनचा.

झानिलचा फोन वेळ आपोआप घेतो. त्याला कुणाचा राग नाही, लोभ नाही. दामेली त्या तीन फोटोंकडे बघत राहिली. तिने पुन्हा पाहिलं, दुसरा प्रसंग घेतला, केक कापतानाचा. तिथेही तिचाच कॅमेरा तासभर पुढे. तिसरा घेतला, अंगणातल्या गाण्याचा. तासभर पुढे.

मग तिला ती सकाळ आठवली. आपासमोर फिरवलेले काटे आठवले. हातातला कॅमेरा, वेळेचं पान, अंगणात वाजलेला हॉर्न. ती पानापर्यंत गेली होती आणि शेवटचं बटण न दाबता कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर धावली होती. घड्याळाने शब्द पाळला होता, कॅमेऱ्याने नाही, आणि इतके दिवस ती शपथेवर सांगत आली की त्या दिवशी सगळं नव्या वेळेवर होतं.

म्हणजे चहाचा फोटो पाचचा नव्हता. चारचा होता. चारला कडं कलाम्पिरच्या हातावर, साडेचारला परत आपाच्या हातावर. कलाम्पिरने परत दिलं म्हणून सांगितलं, तेव्हाच ते दिलं होतं.

दामेलीने चहाचा कप खाली ठेवला.  मागे दुसऱ्या टेबलावर कलाम्पिर एका नवरदेवाच्या फोटोतल्या पुटकुळ्या काढत बसली होती, टिक टिक टिक. तिने मागे वळून पाहिलं नाही. दामेलीनेही पाहिलं नाही. तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते कबूल करायला हवं. तिच्या मनात आलं, आपले फोटो आहेत तसेच ठेवावेत आणि कलाम्पिरचे नि झानिलचेच तासभर पुढे ढकलावेत. मग डोकं, केक, गाणं सगळं जुळतं, फक्त वेळ सगळी जुनी. पण तसं केलं तरी क्रम तोच राहत होता. आधी चहा, मग आशीर्वाद. घड्याळ कुणाचंही धरा, दिवस एकाच क्रमाने घडला होता. त्यातून सुटका नव्हती, फोटो गाळण्याशिवाय.

तिने आपले सगळे फोटो निवडले आणि तासभर मागे घेतले. रांग सरळ झाली. मग ती एकेक फोटो बघत पुढे निघाली, कारण एक प्रश्न अजून शिल्लक होता. साडेचारनंतर कडं गेलं कुठे?

आशीर्वादानंतर स्वतः दामेलीने फारसे फोटो काढले नव्हते. ती आपाच्या दिमतीला होती. त्यामुळे तिथून पुढे जवळजवळ सगळे कलाम्पिरचे, आणि त्यांत सारखी दामेली. दामेली आपाला पाणी देताना, दामेली नातवंडांवर खेकसताना, दामेली उशी सरकवताना. आपण कशा दिसतो हे फोटो काढणाऱ्याला कधी कळत नाही. तो स्वतःच्या फोटोत नसतो. स्वतःला बघायचं तर दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात बघावं लागतं, आणि इथे तो कॅमेरा वैरिणीचा होता. तिला वाटलं होतं त्याहून ती म्हातारी दिसत होती, आणि आपाकडे बघताना जरा मऊ.

मग तो फोटो आला.

आपा पलंगाच्या कडेला बसलेली. दामेली जमिनीवर वाकून तिच्या पायात मऊ चामड्याचे बूट चढवतेय, मान खाली, पाठीवर काळी बॅग. आपा पुढे झुकलेली. तिचं उजवं मनगट उघडं आहे. हातात पांढऱ्या रुमालाची गाठ आहे आणि तो हात बॅगेच्या मागच्या कप्प्यात अर्धा गेलेला आहे. आपा हसतेय. कलाम्पिरने दिवसभरात काढलेल्या सगळ्या फोटोंत आपा एवढी खट्याळ कुठेच दिसत नव्हती.

दामेलीने बॅग खुंटीवरून काढली. ती तिथेच टांगलेली असायची. आपाच्या खोलीत असताना मात्र दारामागच्या खिळ्यावर टांगायची, कारण जमिनीवर ठेवायची नाही असा तिचा नियम. मागच्या कप्प्यात पावसात कॅमेऱ्यावर घालायचं प्लास्टिक होतं. पावसात ती कधी काम घेत नसे. तो कप्पा तिने इतक्या दिवसांत उघडला नव्हता. तिने हात घातला आणि प्लास्टिकच्या घडीत रुमाल लागला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे आपण दुसऱ्याला हसत म्हणतो. दामेलीला हसू आलं नाही. जे तिने दुसरीच्या पेटीत मेलेल्या लेकराच्या टोपीत हात घालून शोधलं, ते तिच्या खांद्यावर होतं. लग्नांना, बारशांना, आपाच्या मयतीला, तिने ते वागवलं होतं. आणि म्हातारी पडल्यापडल्या मनगट थोपटत होती आणि दाराकडे बोट दाखवत होती. दाराबाहेरच्या सुनेकडे नाही. दारामागच्या बॅगेकडे. तुला दिलंय, बघ गं, बघ. आणि ही म्हणत होती, कळलं मला.

ती वळली. गाठोडं हातात धरून ती कलाम्पिरच्या टेबलाशी गेली. स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं, म्हणजे निरोप द्यायला माणूस नव्हता.

"तू हा फोटो कधी पाहिलास?"

कलाम्पिरने माऊस सोडला. "पेटी उघडलीत त्याच आठवड्यात."

"म्हणजे आपा होती तेव्हा."

"होती."

"ती मनगट दाखवत होती. तुला माहीत होतं ती काय सांगतेय."

"माहीत होतं."

"आणि तू गप्प बसलीस. ती रडायची, कलाम्पिर. मी तिला भरवायची आणि ती रडायची. एक शब्द बोलली असतीस तर..."

"कुणाशी बोलणार होते मी?" कलाम्पिरचा आवाज चढला नाही. "तुम्ही एकदा तरी विचारलंत? कलाम्पिर, तुझ्या कॅमेऱ्यात काही आहे का, असं? तुम्ही विचारलं नाहीत, जाऊबाई. तुम्ही सांगितलंत. माझ्या लेकराची टोपी उलटी करून झटकलीत आणि शेजारणींना सांगितलंत. तेव्हाच मी ठरवलं, आता हे हिला पडद्यावरच दिसेल. सगळ्या कुळासमोर. मी वाट बघितली."

"म्हातारीच्या जिवावर वाट बघितलीस."

"हो," कलाम्पिर म्हणाली. आणि मग पहिल्यांदा तिची नजर खाली गेली. "ते माझ्याच डोक्यावर आहे. तुमची मदत नको त्यात."

दामेलीला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याच वेळी आपलंही थोबाड फोडावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. ती परत आपल्या टेबलाशी गेली आणि बसली.

"काढून टाका तो फोटो," कलाम्पिर पाठीमागून म्हणाली. "तुमच्याच हातात आहे. शेकडो फोटोंत एक कमी झाला तर कुणाला कळतंय. मला कळेल, तेवढंच."



जेवणाच्या दिवशी हॉल भरला होता. थाळ्यांत घोड्याच्या मांसाचे जाड तुकडे, खाली रुंद शेवया, वर कांदा. मौलवींनी पठण केलं, काकांनी चार शब्द सांगितले, दिवे मंद झाले. दामेली लॅपटॉपशी बसली होती, काळी बॅग मांडीवर, लांब बाह्यांचा झगा. कलाम्पिर तिच्यासमोरच्याच टेबलावर होती, मुद्दाम, पडद्याकडे तोंड आणि दामेलीकडे पाठ करून.

दिवस सुरू झाला. गाड्या अंगणात आल्या, मग पाहुणे उतरले, मग आपाला हात धरून गादीवर बसवलं. बकऱ्याचं डोकं आलं आणि मुलाने कान खाल्ला. लोक हसले. तो मुलगा आता उंच झाला होता, तो लाजला. सामोवारजवळ कलाम्पिर चहा ओतत होती आणि तिच्या मनगटावर कडं होतं. तीन-चार बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पुढचा फोटो आला. आपाचे तळवे वर, कडं आपाच्या हातावर. बायकांची कुजबुज थांबली. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे हे आधीचं होय."

दामेली पुढे जात राहिली. पाणी, उशी, नातवंडं. मग तिचं बोट थांबलं, कारण पुढचा तोच होता. बटण दोनदा दाबलं असतं तर तो डोळ्यांसमोरून सटकन गेला असता. तिने एकदाच दाबलं.

पडद्यावर आपा हसत होती आणि तिचा हात बॅगेत होता. हॉलमध्ये काटेचमचे थांबले. सगळ्यांनी आधी पडद्यावरच्या बॅगेकडे पाहिलं आणि मग दामेलीच्या मांडीवरच्या.

"हे काय आहे, सूनबाई?" उंचटोपी काकांनी विचारलं.

दामेली उभी राहिली. तिने बाही वर सारली. लाल दगड मंद उजेडात काळा दिसत होता.

"कडं माझ्या बॅगेत होतं," ती म्हणाली. "आपाने माझ्या बॅगेत घातलं होतं. माझा कॅमेरा त्या दिवशी जुन्या वेळेवर होता आणि मी तो नव्या वेळेचा समजून हिला चोर म्हटलं. चारचौघींत हिची पेटी उघडली. ज्या तिथे होत्या त्या सगळ्या इथे बसल्यात. त्यांनी ऐकावं. चोर ही नव्हती."

 ज्या शेजारणी तेव्हा मान खाली घालून चहा पीत होत्या, त्यांनी आताही माना खाली घातल्या. कलाम्पिरने सव्वा वर्ष या क्षणाची वाट बघितली होती. तिने वळून दामेलीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद असायला हवा होता, पण नव्हता. ती परत पडद्याकडे वळली. तिथे आपा हसत होती, पण दामेलीचं हे बोलणं ऐकायला म्हातारी उरली नव्हती.

दामेलीने कडं मनगटावरून ओढून काढलं आणि पुढे धरलं. "घे."

"नको," कलाम्पिर पाठमोरीच म्हणाली. "मी एकदा घालून परत दिलंय. आपाने ते तुम्हाला दिलंय, तुम्हीच वागवा."

दामेलीचा हात तसाच राहिला. सगळं कुळ बघत होतं. मग कलाम्पिर उठली, लॅपटॉपशी आली, आणि तिला कोपराने बाजूला सारून स्वतः बटण दाबलं.

"आता पुढचे लावा, जाऊबाई," ती म्हणाली. "लोकांचं जेवण गार होतंय."